पडदा एक, यंत्रं अनेक

सुरुवातीला माणसं पुष्कळ होती आणि कॉम्प्युटर एक होता. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे मशीन आलं, तेव्हा देशभरातले शास्त्रज्ञ आपल्या पंच-कार्डांचे गठ्ठे घेऊन त्याच्यापाशी रांगेत उभे राहत. तिकडे अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्येच या रांगेवर उपाय दाखवला होता. एका मशीनला अनेक टर्मिनलं जोडायची आणि मशीनने प्रत्येकाला क्षणभर वेळ देत इतक्या झपाट्याने फिरायचं, की प्रत्येकाला वाटावं हे मशीन माझं एकट्याचंच आहे.

पुढच्या तीसेक वर्षांत हे गणित पार उलटं झालं. माणूस एक आणि त्याच्यासमोर मशिनं दोन, चार, सोळा. मग तोच आभास पुन्हा उभा करायची गरज पडली, फक्त आता दुसऱ्या बाजूने. प्रत्येक मशीनला वाटलं पाहिजे, की हा कीबोर्ड, हा माऊस, हा मॉनिटर माझाच आहे. हे काम ज्या डबीने अंगावर घेतलं ती म्हणजे केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तिन्हींच्या वायरी तिच्यातून जातात, आणि बटण दाबलं की तुम्ही एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाता.

मी १९९३ पासून पुण्यात हार्डवेअर मेंटेनन्सच्या धंद्यात आहे. प्रोसेसरचा आणि सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत, या डबीचा मात्र कुणी लिहीत नाही, कारण ती चालू असते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. तिच्यावर माझा जीव आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. ज्या मशीनकडे आपण पाठ फिरवली आहे, त्याच्याकडे कुणीतरी लक्ष दिलंच पाहिजे, हा विचार आमच्या धंद्यात सगळ्यात आधी हिने शिकवला. तिचा सगळा इतिहास म्हणजे हा विचार हळूहळू पक्का होत गेल्याचा इतिहास आहे.

तिचा पूर्वज प्रिंटरचा. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारचं नवं कॉम्प्युटर धोरण आलं, आयात थोडी सैल झाली आणि हळूहळू बँका, कारखाने, सीएंची ऑफिसं इथे पीसी दिसू लागले. पीसी दोन-तीन आले तरी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एकच असायचा. मग मधोमध एक पत्र्याची पेटी ठेवायची. पुढे गोल खटका, त्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं, मागे पंचवीस पिनांचे कनेक्टर. दुकानात तिला डेटा स्विच म्हणत. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती सहज मिळायची. काही बाहेरून आलेल्या असत, काही इथेच पत्रा वाकवून आणि आत वायरिंग करून बनवलेल्या. "ए वर बिलं, बी वर पगार" असं स्केचपेनने लिहिलेल्या पट्ट्या त्यांच्यावर चिकटवलेल्या मी कितीतरी ऑफिसांत पाहिल्या आहेत.

प्रिंटर वाटून घेता येतो, तर मॉनिटर का नाही? हा प्रश्न कुठल्या प्रयोगशाळेत निघाला नाही, तो खर्चाच्या वहीत निघाला. रंगीत मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरच्या बिलातला मोठा आकडा. आणि दुसरं मशीन घ्यायची कारणं तर वाढत चालली होती. ऑफिसात सगळ्यांच्या फाइली ठेवणारा नेटवेअरचा सर्व्हर आला. त्याच्यापुढे दिवसभर कुणी बसत नसे, पण अडचण आली की पडदा लागायचाच. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि व्हायरसच्या धास्तीने अनेक ऑफिसांनी इंटरनेटसाठी वेगळं मशीन ठेवलं. एका टेबलावर हिशेबाचं मशीन आणि इंटरनेटचं मशीन, दोन्ही वापरणारा माणूस एकच. तिथे चौदा इंची दोन मॉनिटर ठेवले तर चहाचा कप ठेवायला जागा उरत नसे. तेव्हाचे पिक्चर ट्यूबचे मॉनिटर मागे हातभर लांब असायचे.

म्हणून प्रिंटरच्या पेटीचेच भाऊबंद मॉनिटरसाठी आले. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ मालिका काढली, तिच्यासोबत व्हीजीए हे पडद्याचं मानक आलं आणि पंधरा पिनांचा तो निळा कनेक्टर पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळीकडे राहिला. कीबोर्ड आणि माऊस यांना सहा पिनांची छोटी गोल टोकं मिळाली. त्याआधी कीबोर्डला पाच पिनांचं जाड गोल टोक असे आणि माऊस, असलाच तर, सीरियल पोर्टला लागे. नव्या पेटीला या सगळ्यांची भोकं पाडलेली असत. खटका मात्र तोच, कट्‌कन फिरणारा.

अशी पेटी उघडून पाहिली की सगळं समजतं. मधून एक दांडा जातो आणि त्यावर एकामागे एक गोल चकत्या बसवलेल्या असतात. प्रत्येक चकतीच्या कडेने पितळी कॉन्टॅक्ट, त्यांना सोल्डर केलेल्या रंगीबेरंगी वायरी. दांडा फिरवला की सगळ्या चकत्या एकदम फिरतात. लाल, हिरवा आणि निळा रंग यांची एकेक तार, चित्राला आडवा आणि उभा ताल देणाऱ्या दोन, कीबोर्डच्या चार, माऊसच्या चार आणि बाकी अर्थिंगच्या. आत मेंदू नाही, वीज नाही. जोडणं आणि तोडणं एवढंच काम.

ते काम ही पेटी अर्धंमुर्धंच करायची. पहिली तक्रार चित्राची. ६४० बाय ४८० चं साधं व्हीजीए चित्रसुद्धा सेकंदाला अडीच कोटींहून जास्त ठिपक्यांच्या ठोक्यावर चालतं, आणि १०२४ बाय ७६८ वर, ७५ हर्ट्‌झला, हा ठोका पावणेआठ कोटींच्या पुढे जातो. इतक्या वेगाच्या सिग्नलला सगळा रस्ता सारखा लागतो. केबल, कनेक्टर, पुन्हा केबल, सगळीकडे ७५ ओहम. पेटीतल्या साध्या वायरी आणि पितळी चकत्या हा हिशेब मोडत. सिग्नलचा काही भाग उलटा फिरे आणि पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याची फिकट सावली उमटे. आम्ही त्याला भूत म्हणायचो. दिवसभर आकडे भरणाऱ्या बाईंना त्या भुताने डोकेदुखी व्हायची, आणि ती तक्रार शंभर टक्के खरी असायची.

दुसरी तक्रार जास्त खोल होती. खटका फिरवला की कीबोर्डचा पाच व्होल्टचा पुरवठा क्षणभर तुटे आणि पुन्हा जोडला जाई. कीबोर्डवरचे तिन्ही दिवे एकदम लुकलुकायचे. म्हणजे कीबोर्ड नव्याने जागा झाला, त्याने स्वतःची तपासणी केली आणि "मी ठीक आहे" असा संकेत समोर जो असेल त्याला पाठवला. कीबोर्डचं तेवढ्यावर भागत असे. माऊसचं भागत नसे. पीएस/२ माऊस चालू झाला की गप्प बसतो. कॉम्प्युटरने "आता हालचाली कळव" असा हुकूम दिल्याशिवाय तो काही बोलत नाही. हा हुकूम विंडोज सुरू होताना एकदा देऊन मोकळी झालेली असे. त्यामुळे खटका फिरवून परत आलात की बाण जागच्या जागी थिजलेला, आणि रीस्टार्टशिवाय इलाज नाही.

चाकवाले माऊस आल्यावर आणखी गंमत. साधा माऊस प्रत्येक हालचाल तीन बाइटमध्ये सांगतो, चाकवाला चारमध्ये. एका मशीनला चाक माहीत, दुसऱ्याला नाही. दोन्हीकडून फिरून आलेला माऊस तीनात बोलतो आणि मशीन चारात ऐकतं. मग बाण पडद्याच्या कोपऱ्यात उधळतो, आपोआप क्लिक होतात, मेनू उघडतात. त्या वेळी आमच्याकडे टेबलावर बसून दुरुस्ती करणारे एक वयस्कर कारागीर होते, सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांना म्हटलं, "काका, हा फिरवला की माऊस मरतो."

"मरत नाही गं," ते म्हणाले. "तो बोलायला तयार आहे, पण त्याला 'बोल' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. ज्या मशीनपासून तू उठून गेलीस ना, त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं. आपण गावाला गेलो की शेजारी रोज संध्याकाळी दिवा लावतो, तसं."

तिसरी तक्रार मशीन सुरू करताना. कॉम्प्युटर चालू झाला की तो आधी कीबोर्ड शोधतो. खटका दुसरीकडे असेल तर त्याला कीबोर्ड दिसत नाही, आणि तो थांबून पडद्यावर लिहितो, कीबोर्ड नाही, पुढे जायला एफ-१ दाबा. रात्री वीज गेली आणि पहाटे आली, की जो सर्व्हर खटक्यावर नव्हता तो असा एफ-१ ची वाट बघत उभा असे. सकाळी नऊला लोक कामावर येत तेव्हा फाइली उघडत नसत आणि फोन आम्हाला येई.

काकांनी सांगितलेला शेजारी तोवर दूरदेशी कामाला लागलेला होता. अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये, जिथे माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटची आखणी झाली त्या गावात, सायबेक्स नावाची कंपनी होती. वॉशिंग्टन राज्यात एपेक्स होती, न्यू जर्सीत १९८५ पासून रॅरिटन, तैवानमध्ये १९७९ पासून एटन. केव्हीएम ही तीन अक्षरं १९९५ च्या सुमारास रूढ झाली, आणि त्याचं श्रेय सायबेक्सचे संस्थापक रेमिगियस शाटस यांना देतात. या सगळ्यांनी खटका काढून टाकला आणि पेटीत छोटा मायक्रोकंट्रोलर बसवला.

हा बदल काय होता ते नीट सांगते, कारण इथेच या डबीचा जीव आहे. नव्या पेटीत प्रत्येक पोर्टमागे एक खोटा कीबोर्ड आणि एक खोटा माऊस बसलेला असतो. कॉम्प्युटर चालू झाला आणि त्याने विचारलं "कीबोर्ड आहे का?", की पेटी त्याच क्षणी उत्तर देते "आहे, तपासणी झाली, सगळं ठीक." तुम्ही त्या वेळी दुसऱ्या मशीनवर पत्र टाइप करत असता. पहिल्या मशीनने माऊसला चार बाइटमध्ये बोलायला सांगितलं होतं हे पेटी लक्षात ठेवते, दुसऱ्याने तीनमध्ये सांगितलं होतं हेही. तुम्ही परत येता तेव्हा ती खऱ्या माऊसचं बोलणं त्या त्या मशीनच्या भाषेत करून देते. कॅप्स लॉकचा दिवासुद्धा तिच्या ध्यानात असतो. एका मशीनवर कॅप्स लॉक चालू ठेवून गेलात, दुसऱ्यावर तो बंद होता, तर जाता-येता दिवा बरोबर विझतो आणि बरोबर लागतो. असा दिवा पहिल्यांदा विझताना पाहिला तेव्हा मी हरखून गेले होते. एवढ्या बारीक गोष्टीचा विचार कुणीतरी केला होता.

मशीन बदलायला आता हात लांब करायचीही गरज नव्हती. बहुतेक कंपन्यांनी त्यासाठी स्क्रोल लॉक हे बटण निवडलं. ते लागोपाठ दोनदा दाबलं की मशीन बदलतं. कीबोर्डवरच्या सगळ्या बटणांत त्यालाच सगळ्यात कमी काम उरलं होतं. अनेक तरुण सिस्टम अॅडमिनना ते बटण दुसऱ्या कशासाठी असतं हे आजही ठाऊक नाही.

मग आलं सर्व्हर रूमचं युग. १९९७-९८ पासून वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० साठी प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करायच्या, कामाने पुण्या-मुंबईतल्या कंपन्या झपाट्याने वाढल्या. टेबलाखाली ठेवलेले सर्व्हर रॅकमध्ये चढले. रॅक एकोणीस इंच रुंद, उंची बेचाळीस यू, आणि एक यू म्हणजे पावणेदोन इंच. अशा एका रॅकमध्ये वीस सर्व्हर बसले तर वीस मॉनिटर ठेवायचे कुठे? आणि ठेवले तरी ट्यूबचा एकेक मॉनिटर सत्तर-ऐंशी वॅटची उष्णता सोडतो, ती काढायला एसी वाढवायचा. पैसे वाचवायला आलेली डबी आता जागा आणि थंडावा वाचवू लागली. सोळा पोर्टांची पेटी रॅकमध्येच बसे, एकीला दुसरी जोडता येई, आणि पुढे तर एका यूच्या कप्प्यातून ओढला की सपाट पडदा आणि कीबोर्ड बाहेर येई. मोठ्या सर्व्हर कंपन्या हीच यंत्रं बनवून घेऊन आपल्या नावाने विकत. धंदा इतका वाढला, की २००० मध्ये सायबेक्स आणि एपेक्स एक होऊन अॅव्होसेंट झाली, आणि २००९ मध्ये इमर्सन इलेक्ट्रिकने अॅव्होसेंट सुमारे १२० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं.

या काळात पाठ फिरवण्याची किंमत मला सगळ्यात कडक शब्दांत कळली ती सन मायक्रोसिस्टिम्सच्या मशिनांमुळे. त्यांचा कीबोर्ड वेगळ्या, आठ पिनांच्या टोकाचा. चालू मशीनचा कीबोर्ड उपटला तर मशीन तो "थांब" असा हुकूम समजतं, चालू काम जागच्या जागी गोठवतं आणि पडद्यावर फक्त ओके एवढाच शब्द दाखवून उभं राहतं. संपूर्ण ऑफिसचा डेटाबेस ज्यावर चालतो ते मशीन, एक वायर हलली म्हणून थांबलं! तिथे साध्या खटक्याची पेटी लावणं म्हणजे आग लावणं. सनसाठीचे केव्हीएम वेगळे मिळत, महाग असत, आणि त्यांच्यात आत बसलेला तो खोटा कीबोर्ड क्षणभरही उठून जाता कामा नये अशी रचना असे. वीज गेली तरी त्याने टिकावं म्हणून पेटीला दोन्हीकडून पुरवठा दिलेला असे, अडॅप्टरचाही आणि कॉम्प्युटरच्या पोर्टचाही.

त्यानंतर प्रश्न आला अंतराचा. व्हीजीएची केबल लांबवली की भूत परत येतं, म्हणून आधी नेटवर्कच्या कॅट-फाइव्ह केबलवरून सिग्नल नेणारे एक्स्टेंडर आले. टीव्हीच्या एडिटिंग रूमना आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंना त्याचा फार उपयोग झाला. घरघरणारी मशिनं दुसऱ्या खोलीत आणि इकडे फक्त पडदा आणि शांतता. मग २००० च्या आसपास पडद्याचं चित्रच डिजिटल करून इंटरनेटच्या मार्गाने पाठवणारे आयपी केव्हीएम आले. रात्री दोन वाजता सर्व्हर अडकला तर हिंजवडीच्या सर्व्हर रूमपर्यंत गाडी काढायची गरज उरली नाही. मशीन अगदी पहिल्या काळ्या पडद्यावर, ऑपरेटिंग सिस्टम सुरू व्हायच्या आधी थांबलं असलं, तरी घरून दिसायचं. २००२ च्या सुमारास कॉम्पॅकने आणलेल्या आयलोने हीच सोय सर्व्हरच्या बोर्डावर चिपच्या रूपात नेऊन बसवली. रॅकमधल्या मोठ्या पेट्यांची गरज त्यामुळे कमी होत गेली. पण त्या चिपमध्ये तरी काय आहे? मशीनला खरा वाटणारा एक खोटा कीबोर्ड, खोटा माऊस आणि खोटा मॉनिटर. पेटीतला शेजारी मशीनच्या घरातच राहायला आला.

टेबलावरच्या छोट्या डबीची गोष्ट मात्र पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाली. यूएसबी आलं, आणि वाटलं आता कीबोर्ड कधीही काढा-घाला, प्रश्न मिटला. स्वस्त डब्या बनवणाऱ्यांनी आत नुसता यूएसबीचा खटका बसवला. बटण दाबलं की एका मशीनवरून कीबोर्ड-माऊस उपटल्यासारखे जातात आणि दुसऱ्यावर नव्याने लागतात. ओळख पटायला दोन-चार सेकंद, त्यात टाइप केलेली पहिली अक्षरं हवेत. दर वेळी विंडोजचा तो काढल्या-लावल्याचा आवाज. काकांच्या काळातला रोग, कनेक्टर तेवढा नवा.

पडद्याचंही तेच झालं. मॉनिटर आपली ओळख स्वतः सांगतो. १९९४ मध्ये ठरलेल्या ईडीआयडी या मानकाप्रमाणे त्याच्यात १२८ बाइटची एक नोंद असते. बनवणारा कोण, आकार केवढा, कुठली रिझोल्युशन चालतात. जुन्या व्हीजीएच्या काळात ही नोंद पोहोचली नाही तरी चित्र यायचंच. आताच्या डिस्प्लेपोर्ट कनेक्टरला तसं चालत नाही. डबीने पडदा दुसरीकडे नेला की पहिल्या मशीनला कळतं, मॉनिटर गेला. ते मुकाट्याने सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर गोळा करतं. परत या, आणि नीट मांडून ठेवलेला पसारा एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेला. डावीकडे ईमेल, उजवीकडे एक्सेल, मध्ये काम अशी मांडणी रोज दहा वेळा पुन्हा लावणारे लोक मला भेटतात आणि विचारतात, "ताई, लॅपटॉप खराब आहे का?" लॅपटॉप ठीक असतो. तुम्ही उठून गेलात तेव्हा त्याच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच. चांगल्या केव्हीएममध्ये मॉनिटरची ती १२८ बाइटची नोंद आधीच वाचून साठवलेली असते, आणि पडदा समोर नसला तरी डबी मशीनला सांगत राहते, आहे, आहे, इथेच आहे.

या सगळ्या आठवण ठेवण्याला एक उलटी बाजूही आहे आणि तीही तितकीच महत्त्वाची. संरक्षण खात्यात, काही बँकांत, सरकारी कार्यालयांत दोन नेटवर्क एकमेकांना कधीच लागू नयेत असा नियम असतो. एका टेबलावर आतलं मशीन आणि बाहेरचं मशीन, मध्ये एक केव्हीएम. इथे डबी जर फार काही आठवणीत ठेवू लागली, तर एका बाजूचं गुपित दुसऱ्या बाजूला गळायचा रस्ता तयार होतो. कीबोर्डच्या स्मृतीत उरलेलं अक्षर, मॉनिटरच्या नोंदीत लिहून ठेवलेला बाइट, काहीही पुरतं. म्हणून सुरक्षित केव्हीएम वेगळ्या शिस्तीने बनतात. कीबोर्डकडून मशीनकडे सिग्नल जाईल, उलटा येणार नाही. प्रत्येक पोर्टचं सर्किट वेगळं. बाजू बदलताना मधली स्मृती पुसली जाईल. झाकण उघडलं तर डबी कायमची निकामी होईल. प्रत्येक मशीनला त्याचं स्वतःचं आठवणीत ठेवायचं आणि शेजारच्याचं कटाक्षाने विसरायचं, ही दोन्ही कामं एकाच डबीने करणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड कारागिरी आहे असं मी मानते.

सॉफ्टवेअरनेही यात वाटा मागितला. २००१ मध्ये सिनर्जी आलं. दोन मशिनांना दोन पडदे असतील तर माऊस एका पडद्याच्या कडेवरून सरळ दुसऱ्यावर जातो. नंतर मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स आलं, लॉजिटेकचं फ्लो आलं. छान सोयी आहेत. पण त्यांना दोन्ही मशिनं चालू, एका नेटवर्कवर आणि दोन्हीकडे सॉफ्टवेअर बसवायची परवानगी लागते, शिवाय पडदा वाटून घ्यायचा प्रश्न ते सोडवतच नाहीत.

ही परवानगीची गोष्ट मार्च २०२० मध्ये घरोघर कळली. लॉकडाऊन लागलं, कंपनीचे लॅपटॉप घरी आले, आणि कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत जेवणाच्या टेबलांवर दोन-दोन मशिनं मांडली गेली. एक कंपनीचं, कुलूपबंद, त्यावर बाहेरचं काहीही बसवायला मनाई. दुसरं स्वतःचं, ज्यावर मुलांची शाळाही भरते. मॉनिटर एक. त्या दिवसांत फोनवरून लोकांना डब्या जोडायला शिकवणं हे माझं निम्मं काम झालं होतं. एका बाईंनी मला विचारलं, "ताई, ऑफिसच्या लॅपटॉपला कळेल का, मी घरच्या मशीनवर गेले ते?" मी म्हटलं, "चांगली डबी घेतलीत तर नाही कळणार. त्याला वाटेल तुम्ही समोरच बसला आहात, फक्त हात थांबलेत." त्या मनापासून हसल्या, पण मी शब्दशः खरं तेच सांगत होते.

पैसा, जागा, अंतर, गोपनीयता आणि आता घर. तीस वर्षांत ही डबी विकत घ्यायचं कारण इतक्या वेळा बदललं, टोकं गोलाची चपटी झाली, ट्यूब गेली, निळा कनेक्टर गेला. प्रश्न एकच राहिला, पाठ फिरवलेल्या मशीनजवळ कोण बसणार, आणि दर नव्या कनेक्टरसोबत कुणीतरी तो विसरून स्वस्तात नुसता खटका विकायला काढतं. खटका बनवणं सोपं आहे, ते पत्रा वाकवणाऱ्यालाही जमत होतं. सगळी मेहनत आणि सगळी किंमत आहे ती न बघितल्या जाणाऱ्या बाजूची.

म्हणून दुकानात जाल तेव्हा पोर्ट किती आणि फोर-के चालतं का एवढ्यावर थांबू नका. दुकानदाराला विचारा, मी दुसऱ्या मशीनवर असताना ही डबी पहिल्याला काय सांगते? कीबोर्ड-माऊसचं इम्युलेशन, म्हणजे आत बसलेला तो खोटा कीबोर्ड-माऊस, आहे का, मॉनिटरची ईडीआयडी नोंद ती धरून ठेवते का, वीज जाऊन आली तर मशीन थांबून राहणार नाही ना? ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरं देता येतात त्याच्याकडूनच घ्या. थोडे जास्त पैसे जातील, पण ते योग्य कामाला गेलेले असतील.